पुण्याच्या वारशाची निगराणी

पुणे शहराच्या इतिहासाचे कागद राखण्यासाठी ज्या पिढ्यांनी उभा जन्म वेचला, त्या पिढ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच इतिहासाच्या इमारती एकेक करून नाहीशा झाल्या, ही गोष्ट आज मागे वळून पाहताना फार विलक्षण वाटते. 1910 साली इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पुढे 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. दप्तरखान्यातील रुमाल सुटले, वाचले गेले, पुन्हा बांधून जागच्या जागी ठेवले गेले. परंतु त्या रुमालांतून ज्या वाड्यांचा, बागांचा आणि हौदांचा उल्लेख येतो, त्यांपैकी कितीतरी वास्तूंच्या जागी आता चार मजली चाळी नाहीतर वाहनतळ उभे आहेत. जमाखर्च उरला आणि ज्यावर खर्च झाला ती वस्तू गेली, असा हा प्रकार आहे. ऐतिहासिक वास्तू जपणे आणि त्या लोकांपर्यंत पोचविणे या प्रश्नाचा विचार करताना पुण्याचे उदाहरण घ्यावेसे वाटते ते याचसाठी, की येथे इतिहासाविषयीच्या अनास्थेची सबब पुढे करता येत नाही. आस्था उदंड होती, व्यवस्था नव्हती.

प्रारंभ अर्थातच शनिवारवाड्यापासून करावा लागतो. 10 जानेवारी 1730 रोजी थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला आणि दोनच वर्षांत वास्तुशांत झाली. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घालून वैभव वाढविले. 1817 च्या नोव्हेंबरात त्यावरचा जरीपटका उतरला. त्यानंतर इंग्रजी अमलात तेथे कधी तुरुंग तर कधी इस्पितळ भरले, आणि 1828 च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहून आतील सागवानी इमले राख झाले. उरला तो तट, पाच दरवाजे, नगारखाना आणि जोती. 1919 साली ही जागा संरक्षित म्हणून जाहीर झाली व पुढे आतील माती उपसून हजारी कारंज्यासह जुन्या पायांच्या खुणा उघड्या करण्यात आल्या. म्हणजे शासनाने शनिवारवाडा हाती घेतला तेव्हा रक्षण करावयास मुख्यतः दगडच उरला होता. आणि दगड राखणे हे या देशातील पुरातत्त्व खात्याला, 1904 च्या पहिल्या कायद्यापासून, बऱ्यापैकी साधलेले काम आहे. भोवती कुंपण घालावे, हिरवळ लावावी, पाटी रोवावी, तिकिटाची खिडकी उघडावी, एवढ्याने ते भागते. पाताळेश्वराच्या लेण्याचे असेच आहे. अवघड आहे ते लाकूड, माती, वीट आणि चुना यांचे रक्षण; आणि पेशवाईतील पुणे जे होते ते बहुतांशी लाकूड, माती, वीट आणि चुना यांचेच होते.

वाड्याची रचना ज्यांनी डोळसपणे पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखड्यावर उभा केलेला सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि या सांगाड्याच्या अंगाने विटामातीची जाड भिंत. इमारतीचा भार पुष्कळसा लाकडाने उचलावयाचा आणि भिंतीने आडोसा करावयाचा, अशी ही बांधणी. अशा घराचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. पन्हळ फुटली किंवा कौल सरकले की तुळईचे भिंतीतले टोक कुजू लागते, त्यात वाळवी शिरते, आणि वरून रंग दिलेला असल्यामुळे ती गोष्ट घरच्या माणसाला कळते तेव्हा वरचा मजला खचू लागलेला असतो. याउलट दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळली, पन्हळी साफ केल्या आणि भिंतीला चुन्याचा हात दिला, तर हीच इमारत दोनशे वर्षे सहज टिकते. दुर्दैव असे की अलीकडे दुरुस्ती म्हणून जी केली जाते तिनेच पुष्कळ वाडे मारले. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल आतच कोंडते; भिंत बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून भुसभुशीत होत जाते. चुना घाणीत मळून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून तो मुरवत ठेवणारे गवंडी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि सरकारी दरपत्रकाच्या चौकटीत त्यांची मजुरी बसविणे हे संबंधित अभियंत्याला एक संकटच वाटते. सर्वांत कमी रकमेच्या निविदेला मक्ता देण्याची पद्धत रस्त्याच्या डांबराला एक वेळ ठीक म्हणावी. कोरीव सागवानी सज्जाच्या दुरुस्तीला ती घातक आहे.

विश्रामबागवाडा या सर्व प्रकरणाचा उत्तम पाठ आहे. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेल्या या वाड्यात 1821 पासून संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि लोकवर्गणी व नगरपालिका यांच्या साहाय्याने तो पुन्हा उभा राहिला. पुढे शाळा, नगरपालिकेची कचेरी, टपालघर अशी नाना कामे त्याने केली. रस्त्याच्या अंगाचा कोरीव सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरील केळफुले आणि महिरपी पाहून आजचा प्रवासी थक्क होतो. परंतु हे सारे त्याच्या दृष्टीस पडते याचे कारण त्यातील कोरीव कामाचे सौंदर्य खचित नव्हे, कारण तितकीच सुंदर कामे असलेले किती तरी वाडे गेले. विश्रामबागवाडा राहिला तो मुख्यतः या कारणाने, की तो कधी फार दिवस रिकामा पडला नाही. कारकुनाला पावसात टेबलावर गळती नको असते; तो तक्रार करतो आणि कौल बदलले जाते. कचेऱ्यांनी आत पार्टिशने घातली, खिळे ठोकले, रंगाचे थरावर थर चढविले, हे सारे खरे आहे आणि महापालिकेला गेल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने ते निस्तरावे लागले. तथापि ओस पडलेल्या राजवाड्यापेक्षा गैरसोयीने वापरलेली कचेरी बरी, असेच माझे मत झाले आहे. मंडईचीही तीच कथा. 1886 साली उघडलेली ती अष्टकोनी दगडी इमारत, जिला पुणेकर थट्टेने 'मंडई विद्यापीठ' म्हणतात, आज ठाम उभी आहे ती तिच्या गाळ्यांवर अजून भाजी विकली जाते म्हणून.

खासगी वाड्यांचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे, आणि बहुतेक व्याख्यानांत त्याला हळूच बगल दिली जाते. शहराच्या पेठांतील वाडा हा एका कुटुंबाचा क्वचितच असतो. वारसांच्या तीन-चार पिढ्यांमध्ये वाटण्या होऊन मालकी विभागलेली, तळमजल्यावर दुकाने, माडीवर बिऱ्हाडे, आणि भाडे 1947 च्या कायद्याने जेथे गोठविले तेथून फारसे न हललेले. 1999 च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण ज्या मूळ रकमेवर ती वाढ व्हावयाची ती रक्कमच एखाद्या महिन्याच्या चहाच्या खर्चाएवढी असेल तर मालकाने नवी तुळई कशातून घालावी? मुंबईच्या शहर भागासाठी 1969 साली दुरुस्ती मंडळ निघाले, उपकर बसला आणि जुन्या इमारतींच्या डागडुजीची काही तरी तजवीज झाली. पुण्याच्या वाट्याला तसे मंडळ आले नाही. याचा परिणाम असा की मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू परक्याच्या मिळकतीवर खर्च करीत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. ही नोटीस मालकाला पुष्कळदा हवीच असते, कारण भाडेकरू हलविण्याचा तो कायदेशीर मार्ग आहे. वाडा स्वतःहून पडेपर्यंत वाट पाहणे हा ज्या व्यवस्थेत सर्वांत फायद्याचा व्यवहार ठरतो, त्या व्यवस्थेत वारसायादीत नाव घातल्याने वाडा वाचत नाही.

तशी यादी पुण्यात आहे. सुमारे अडीचशे वास्तूंची तिच्यात नोंद असून त्यांची श्रेणीवार वर्गवारीही झाली आहे. हा विचार आला तो मुंबईहून, जेथे 1995 साली विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली आणि इमारतींबरोबर अख्खे परिसरही संरक्षणाखाली घेण्याची प्रथा पडली. मुंबईला तिचे फळही मिळाले. 2018 साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंचा व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. परंतु मुंबईच्या किल्ला विभागातील बहुतेक इमारती न्यायालयाच्या, विद्यापीठाच्या, बँकांच्या वा मोठ्या विश्वस्त संस्थांच्या आहेत. त्यांना सल्लागार नेमणे परवडते. पुण्याच्या नोंदीतील वाडेवाल्याला यादीत नाव येणे म्हणजे मिळकतीवर बोजा चढणे वाटते, आणि त्याला सर्वस्वी चुकीचे ठरविता येत नाही. बांधकामाचा जो हक्क त्याच्या जागेवर वापरता येत नाही तो विकण्याची मुभा त्याला द्यावी, ही हस्तांतरणीय विकास हक्काची कल्पना कागदावर चांगली आहे. मात्र तो हक्क मिळविण्याची वाट इतकी लांब आणि कागदपत्रांची की बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव त्याआधी उंबरठ्यावर येऊन बसतो.

त्यात भर पडली ती 2010 च्या दुरुस्तीची. 1958 च्या केंद्रीय कायद्यात त्या वर्षी जो बदल झाला त्याने राष्ट्रीय स्मारकाभोवतालचे शंभर मीटरचे क्षेत्र नव्या बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरचे नियंत्रित ठरले. ओसाड माळावरच्या मंदिरासाठी हा नियम हितकारकच आहे. पण शनिवारवाड्याभोवती शंभर मीटरचे वर्तुळ काढले तर त्यात दाट वस्तीच्या पेठांतील घरे येतात. तेथील रहिवाशाला पडायला आलेले घर नव्याने बांधता येत नाही, आणि दुरुस्तीसाठीही दिल्लीपर्यंत पोचणाऱ्या परवानगीची वाट पाहावी लागते. स्मारकाचे संरक्षण करणारा कायदा स्मारकाच्या शेजाऱ्यांना, म्हणजे ज्या लोकवस्तीमुळे ते स्मारक शहरात आहे त्या वस्तीलाच, जर्जर करीत असेल, तर अंतराचा एकच दंडक देशभर लावण्याऐवजी प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र नियम ठरविणे अगत्याचे आहे. तसे उपनियम करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती त्या एका दिवसात विरघळल्या आणि शहराने आपल्या जुन्या रूपाचा एक मोठा भाग गमावला. पण पुराने नेले ते नेले. त्यानंतरच्या साठ वर्षांत आपण जे स्वहस्ते पाडले त्याचे खापर पानशेतवर फोडणे हा सोयीस्कर इतिहास आहे.

आता प्रसाराच्या बाजूकडे वळू. शहराचा वारसा पायी हिंडून दाखविण्याची प्रथा, जिला सर्रास हेरिटेज वॉक म्हणतात, भारतात प्रथम व्यवस्थित रुजविली ती अहमदाबादने. 19 नोव्हेंबर 1997 रोजी तेथील महापालिकेने काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून जाणारी रोजची पदयात्रा सुरू केली आणि ती अखंड चालविली. वीस वर्षांनी, 2017 साली, अहमदाबाद हे जागतिक वारसा ठरलेले भारतातील पहिले शहर झाले. तेथे घडले ते असे, की रोज सकाळी परक्या माणसांची एक तुकडी आपल्या दारावरून थांबत थांबत जाते, लाकडी कोरीव कामाकडे बोट दाखविते, हे पाहून पोळातील रहिवाशाची आपल्या घराकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आणि पालिकेच्या अधिकाऱ्यालाही गटारीपासून विजेच्या तारांपर्यंत त्या वाटेची रोज उत्तरे देणे भाग पडले. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. वारसावाट ही खरी म्हणजे देखभालीची वाट असावी. पाहुणे येतात म्हणून आपण घर आवरतो तसे.

पुण्यातही शनिवारवाड्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंतची फेरी महापालिकेने आखली, थोर व्यक्तींच्या घरांवर निळे फलक लावले, नानावाड्याची दुरुस्ती केली. हौशी मंडळींच्या फेऱ्या तर रविवारी सकाळी अनेक निघतात आणि त्यांतील काही अभ्यासू मार्गदर्शक एखाद्या प्राध्यापकाला लाजवतील. तरीही या फेऱ्यांचा नकाशा पाहिला की त्यात राजा, सरदार आणि देऊळ यांचीच वर्दळ दिसते. शहर ज्याच्यावर जगले ते पाणी कोठे आहे? अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घालून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने कित्येक मैल उताराउताराने शहरात आणले, वाटेत हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास ठेवले, आणि ते हौदांत सोडून पेठांना पाजले. कोणतेही यंत्र न वापरता केलेली ही योजना पेशवाईतील पुण्याचे सर्वांत मोठे स्थापत्य आहे, असे माझे निश्चित मत आहे. आणि ती जमिनीखाली असल्यामुळेच तिच्यावरून इमारतींचे पाये गेले, सांडपाणी तिच्यात मुरले, उच्छ्वास बुजविले गेले. काळा हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठेतील हौद ही नावे पत्त्यापुरती उरली. कात्रजच्या तलावापासून शहरातल्या हौदांपर्यंत या नळाच्या माथ्यावरून चालत जाणारी एक वाट आखावी, जे उच्छ्वास अजून शिल्लक आहेत ते उघडे करून त्यांवर जाळ्या बसवाव्यात, तर पुण्याला जगात कोठेही दाखविता येईल अशी वारसावाट मिळेल.

आणि पाण्याची गोष्ट निघाली की गंज पेठेत जावेच लागते. तेथील आपल्या घरचा हौद जोतीराव फुल्यांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला. नानासाहेबांचा नळ आणि जोतीरावांचा हौद ही एकाच शहराच्या इतिहासाची दोन पाने आहेत आणि ती एकाच फेरीत सलग वाचावयास हवीत. पेशवाई पाहणारे एका दिवशी आणि फुल्यांची समताभूमी पाहणारे दुसऱ्या दिवशी, ही जी अघोषित वाटणी आपल्याकडे झाली आहे, तिने दोन्ही बाजूंचे नुकसान केले आहे.

कसबा पेठेतील तांबट आळीचा विचारही येथेच करावा. पेशव्यांच्या काळापासून तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्यांची ही वस्ती. गोल हातोडीने तांब्याच्या पत्र्यावर एकाला लागून एक ठोका मारीत भांड्याला मठार देणारा कारागीर तेथे अजून दिसतो; ठोका चुकला तर पत्र्याला खोच पडते, म्हणून त्याची नजर बोलतानाही हातावरून ढळत नाही. मठाराने धातू घट्ट होतो आणि भांडे चकाकते. स्टीलने बंबाची आणि घागरीची जागा घेतल्यावर ही आळी ओस पडू लागली होती. पुढे वास्तुरक्षणाच्या क्षेत्रातील काही मंडळींनी कारागिरांशी बसून आजच्या घरात चालतील अशा वस्तूंचे घाट ठरविले आणि थोडी मागणी परतली. घर वाचवायचे तर घरातल्याचा धंदा वाचवावा, हे ज्यांना समजले त्यांचे काम टिकले.

अतिरेकाची भीतीही आहेच. पणजीच्या फोंतेन्हास भागात रंगीत भिंतींसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडू लागली की रहिवाशांनी मनाईच्या पाट्या लावल्या. पुण्याच्या बोळांवर ती पाळी अजून आलेली नाही. परंतु खानावळी आणि भेटवस्तूंची दुकाने यांच्या मागे जुनी बिऱ्हाडे हळूहळू बाहेर पडणार असतील, तर ती वाट न आखलेलीच बरी.

राहता राहिला नव्याने उभारलेल्या जुन्याचा प्रश्न. आजचा लाल महाल ही महापालिकेने 1980 च्या दशकात बांधलेली इमारत आहे, शिवछत्रपतींनी शाइस्तेखानावर छापा घातला तो महाल केव्हाच नष्ट झाला. हे तेथील फलकावर ठळक लिहावयास हरकत नसावी, कारण त्याने त्या जागेचे माहात्म्य तिळमात्र कमी होत नाही. भिडेवाड्याचे मात्र मन विषण्ण करणारे आहे. 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा जेथे सुरू केली तो हा वाडा, दुकानदार गाळेधारक आणि शासन यांच्या दीर्घ दाव्यात वर्षानुवर्षे कुजत पडला, आणि कज्जा संपला तेव्हा, 2023 च्या डिसेंबरात, स्मारकासाठी तो पाडावाच लागला. दावा चालू असताना छप्पर शाकारण्याचा हुकूम कोणी मागितला असता, तर कदाचित त्या मुली ज्या पायऱ्या चढल्या त्या आज शाबूत असत्या. न्यायप्रविष्ट वास्तूच्या तात्पुरत्या देखभालीची जबाबदारी महापालिकेवर टाकणारी तरतूद कायद्यात व्हावी, ही मागणी या एका उदाहरणावरून पुरेशी सिद्ध होते.

पैशाची अडचण सांगितली जाते ती मला पटत नाही. मुंबईत काळा घोडा परिसरातील संस्थांनी एकत्र येऊन 1999 पासून कलामहोत्सव भरविला आणि त्याच्या उत्पन्नातून त्या भागातील इमारतींची डागडुजी केली. पुण्यात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत याच पेठांतून जी उलाढाल होते, तिच्यातील अल्पसा हिस्साही एका स्वतंत्र खात्यात जमा झाला तर दरवर्षी काही वाड्यांची कौले बदलता येतील. आता तर कसबा पेठ आणि मंडई येथे भुयारी रेल्वेची स्थानके झाली असून पाहुणा थेट वाड्याच्या दारात उतरतो. महापालिकेने नवे फलक आणि रोषणाई दोन वर्षे थांबवून तो खर्च पन्हळी, कौले आणि चुना यांवर करावा, वाडेवाल्यांना दुरुस्तीपुरते बिनव्याजी कर्ज द्यावे, आणि त्या बदल्यात वर्षातून ठरलेले काही दिवस चौक पाहणाऱ्यांसाठी खुला ठेवण्याचा करार करून घ्यावा.

वाचकांपैकी ज्यांच्या ताब्यात पेठेतील जुना वाडा, त्याचा हिस्सा किंवा नुसती खोली असेल, त्यांना एक विनंती. विकण्याचा वा पाडण्याचा निर्णय झालाच असेल तर त्यापूर्वी वाड्याची मोजणी करून नकाशा काढून घ्यावा, चौक, देवडी, माजघर, जिने आणि खांब यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे व भाडेपावत्या रद्दीत न घालता भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे पोचवाव्यात. कोरीव खांब भंगारवाल्याला देण्याआधी दुसऱ्या एखाद्या वाड्याच्या दुरुस्तीला ते लागतात का, याची चौकशी करावी. जुन्या मापाचे सागवान आता बाजारात मिळत नाही.